पहिलं रडणं

करंजाच्या धक्क्यावरून लाँच सुटून थोडी पुढे गेली असेल नसेल, तेवढ्यात कल्पिताला आपल्या मुलीच्या रडण्याचा आवाज आला. मुलगी तर तिच्या शेजारीच बसली होती. सोळा वर्षांची रुचिका, मांडीवर बॅग घेऊन, ओढणी कानांवरून घट्ट गुंडाळून, पाण्याकडे बघत. रडणं येत होतं समोरच्या बाकावरून, आणि ते पाच वर्षांच्या गळ्यातलं होतं. 'राजा माजा व्हता ना. कोनी कापला?' दोन पोरगे एका फोनवर डोकी जोडून बसले होते. पडद्यावर कुणीतरी दाढीवाला तरुण बंद पडलेल्या मोटरसायकलीला मिठी मारून दुःखी चेहऱ्याने उभा होता आणि त्याच्या तोंडी रुचिकाचा आवाज होता. पोरगे हसले. एकाने बोट लावून व्हिडिओ पुन्हा चालू केला. 'राजा माजा व्हता ना.' इंजिनाच्या धडधडीतही ते बारीक, चिरकलेलं 'ना' स्वच्छ ऐकू येत होतं. कल्पिताने मान न वळवता, डोळ्यांच्या कडेने, शेजारी पाहिलं. रुचिकाने काही केलं नव्हतं. तिने पोरांकडे पाहिलं नाही, ओठ आवळले नाहीत, मान खाली घातली नाही. बॅगेच्या चेनशी चाळा करणारा तिचा अंगठा मात्र क्षणभर थांबला आणि मग पुन्हा चालू लागला, रस्त्यात कुणाला वाट द्यायला थांबावं आणि चालू लागावं तसा. तेवढंच. मुलगी चिडली असती, उठून गेली असती, निदान आपल्याकडे रागाने बघितलं असतं, तर बरं झालं असतं. पण तिला याची सवय झाली होती. आपल्या नकळत, आपल्याच घरात राहून, किती वेळा हा अंगठा असा थांबला असेल आणि पुन्हा चालू लागला असेल?

त्या पोरांना काही बोलावं असं तिला वाटलं. पण काय बोलणार? 'ही माझी मुलगी आहे, बंद करा' म्हटलं असतं तर त्यांनी आधी फोनकडे, मग रुचिकाकडे पाहिलं असतं, आणि तो चेहरा ओळखला असता. फोटो मागितला असता. तसं पूर्वी झालं होतं, आणि पूर्वी कल्पिताने स्वतः रुचिकाला पुढे ढकलून उभं केलं होतं. म्हणून ती गप्प बसली. आपण तिच्यासाठी गप्प बसलोय असं तिने स्वतःला सांगितलं. पोरांनी पुढचा व्हिडिओ लावला, त्यात कुणीतरी नाचत होतं. रेवसचा किनारा अजून लांब होता.

राजा नावाचा कोंबडा खरंच होता. लाल, मानेवर सोनेरी झाक असलेला. रुचिका त्याला आपल्या ताटातला भात हाताने भरवायची आणि तो तिचं बोट न टोचता भात उचलायचा, याचं सासूला, कमळला, मोठं नवल वाटायचं. कल्पिताला तेव्हा त्या घरात येऊन सहा-सात वर्षं झाली होती. नवऱ्याचा, हितेशचा, ट्रेलर बंदरातून कंटेनर भरून निघाला की तो चार चार दिवस घरी यायचा नाही. दुपारी गावात चिटपाखरू नसायचं. मागे मिठागरांवरून येणारा खारा, गरम वारा आणि सासूचं घोरणं. हितेशने घेऊन दिलेला फोन हाच काय तो कल्पिताचा विरंगुळा. ती रांगोळीचे फोटो टाकायची, तळलेल्या बोंबलांचे टाकायची. माहेरच्या दोघी-तिघी अंगठा दाखवायच्या, बस. आपण काहीतरी लोकांपुढे धरतोय आणि लोक बघत नाहीत, हे तिला इतकं लागायचं की त्याचं तिलाच हसू येई. बारावीत ती वर्गात दुसरी आली होती. ते आता कुणाला ठाऊक होतं?

मग ती गटारी आली. हितेशचे मित्र जेवायला येणार होते. राजा रुचिकाचा आहे हे हितेशला माहीत नव्हतं असं नाही, पण कोंबडा तो कोंबडा. मुलगी शाळेत गेली असताना त्याने तो कापला. ती परत आली तेव्हा मागच्या दारी, नळाजवळ, पिसांचा ढीग होता. इथून पुढचं सगळ्या जगाने पाहिलं होतं. नळाजवळची फरशी, फ्रॉकातली मुलगी, हातात लाल पीस, गालांवर काजळ, उघडलेलं तोंड. 'राजा माजा व्हता ना. कोनी कापला?' मागे पुरुषांचं हसणं. जगाने जे पाहिलं नव्हतं ते असं, की मुलगी एकदा रडून शांत झाली होती. कल्पिता फोन आणायला आत गेली आणि तो चार्जिंगवरून काढून बाहेर येईपर्यंत रुचिका पायरीवर बसून नुसते हुंदके देत होती. रडणं संपलं होतं. तेव्हा कल्पिताने ढिगातलं एक मोठं पीस उचलून तिच्या हातात दिलं होतं, आणि फोन समोर धरून, लाडात येऊन विचारलं होतं, "राजा कोनाचा व्हता गो?" मुलीने पिसाकडे पाहिलं. मग ती पुन्हा रडली. या वेळी मोठ्याने, उभी राहून, शब्दांसकट. पुढे कुणीतरी त्या व्हिडिओची सुरुवात कापून टाकली, तेव्हा कल्पिताचा प्रश्नही कापला गेला आणि नुसतं उत्तर उरलं. गेली कितीतरी वर्षं ते उत्तर गावोगाव हिंडत होतं. कुणाचं प्रेम मोडलं, कुणाचा फोन पाण्यात पडला, क्रिकेटमध्ये कुणी बाद झालं, की रुचिका रडायची. 'कोनी कापला?' हे विचारणाऱ्या मुलीला कुणी सांगितलं नाही, आणि पीस कुणी हातात दिलं ते तर कुणी विचारलंच नाही.

सुरुवातीला केवढं सुख झालं होतं. हळदीला गेलं की बायका बोट दाखवायच्या, "ती बग, कोंबऱ्यावाल्या पोरीची आयस." अनोळखी माणसं रुचिकाचा गालगुच्चा घ्यायची, चॉकलेट द्यायची आणि म्हणायची, बोल ना, एकदा बोल. ती बोलायची. हळूहळू तिला रडण्याशिवायही ते बोलता यायला लागलं, मग थोडं खोटं रडून. कल्पिताने तिचे आणखी व्हिडिओ काढले. साडी नेसलेली रुचिका, आजीला दटावणारी रुचिका, तापात बडबडणारी रुचिका. तापात. तिने तोही टाकला होता, आणि खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती, लवकर बरी हो बाळा, आणि ती प्रत्येकाला उत्तर देत बसली होती, शेजारी मुलगी तापाने भाजत असताना. औषध दिलं नव्हतं असं नाही. औषध वेळेवर दिलं होतं. पण आज लाँचच्या बाकावर बसून तिला ते औषध दिल्याचं आठवेना, ती उत्तरं देत बसल्याचं मात्र आठवत होतं.

सहावीत असताना रुचिकाने एकदा घरी येऊन दप्तर खाली ठेवलं आणि सांगितलं, "मम्मी, तो व्हिडिओ काढून टाक." त्या दिवसापासून ती शुद्ध बोलायला लागली. 'काढून टाक', 'कारून टाक' नव्हे. 'नाही', 'न्हाय' नव्हे. घरात सगळे आपल्या बोलीत आणि ही एकटी पुस्तकातल्यासारखी. सासू म्हणायची, पोर शिकलेली दिसते. कल्पितालाही तसंच वाटलं, किंवा तसं वाटून घेणं सोपं होतं. शाळेच्या फाटकाशी मुलं तिच्या तोंडून निघालेलं प्रत्येक 'व्हता' झेलून परत तिच्यावर फेकत होती, हे तिला फार नंतर एका बाईंकडून कळलं. व्हिडिओबद्दल ती तेव्हा म्हणाली होती, "अगो, लोक प्रेमानं बगतात. तुजा काय जाते?" वर्षभराने काढून टाकला. काढला म्हणजे आपल्याकडचा काढला. तो तर समुद्रात सांडलेल्या मिठासारखा झाला होता. कुणी रुचिकाच्या रडक्या तोंडाचं स्टिकर केलं होतं. गेल्या वर्षी कमळ गेली तेव्हा घरातल्या ग्रुपवर कुणीतरी, बहुतेक सवयीने, शोक म्हणून तेच स्टिकर टाकलं. आजीच्या मरणावर नातीचं पाच वर्षांचं तोंड रडत होतं. खरी नात आजीच्या पायाशी कोरडी उभी होती. आजीने तिला वाढवलं होतं, तिची वेणी घालून दिल्याशिवाय म्हातारी चहा पीत नसे. बायका कुजबुजल्या. कल्पिताच्याही मनात आलं की ही पोर दगड झाली की काय. आणि मग तिने पाहिलं, की रुचिकाने मान वर केली आणि खोलीतल्या माणसांच्या हातांकडे पाहिलं. तोंडांकडे नाही. एकेकाच्या हातांकडे, सावकाश, दारापर्यंत. एका भाच्याच्या हातात फोन होता. रुचिकाने ते पाहिलं, ओढणी नीट केली आणि पुन्हा आजीच्या पायांकडे बघत राहिली. ते बघून कल्पिता बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीमागे रडली होती. सासूसाठी रडतेय असं सगळ्यांना वाटलं, तिने तसं वाटू दिलं.

दहावीनंतर रुचिकाने अलिबागेकडचं तंत्रनिकेतन स्वतः शोधलं. उरणजवळ काय कमी होती का कॉलेजं, असं हितेश म्हणाला. ती म्हणाली, "मला तिथेच जायचं आहे." जास्त काही नाही. ती कधीच जास्त काही बोलायची नाही. आणि आज तिला वसतिगृहात सोडायला आई निघाली होती.

रेवसला उतरल्यावर एसटी नुकतीच गेली होती. पुढच्या गाडीला वेळ होता. धक्क्याच्या वर चहाची टपरी होती, तिथे दोघी बाकड्यावर बसल्या. चहा आला. भरती उतरत होती आणि खाडीच्या कडेला चिखल उघडा पडायला लागला होता. कल्पिताने मनात वाक्य जुळवायला घेतलं. आता सांगायचं. पुन्हा अशी दोघी कधी बसू, सांगता येत नाही. रुचे, त्या दिशी तू एकदा रडली व्हतीस, मी तुला दुसऱ्यांदा रडवली. हे एवढं वाक्य तिच्या घशात कितीतरी वर्षं होतं. सांगितलं की मुलगी काय करेल हे तिला माहीत नव्हतं, पण काहीतरी करेल. ओरडेल. आणि मग आपल्याला पाय धरता येतील. तिच्या लक्षात आलं, की आपल्याला तेच हवंय, पाय धरायला मिळणं. आणि त्याचीही तिला लाज वाटली.

"रुचे."

"हं."

"त्या पोरांनी लावला व्हता लाँचवर. मी कायतरी बोलायला पायजे व्हता."

"कशाला? त्यांना काय माहीत." रुचिकाने चहाचा घोट घेतला. "आणि बोलली असतीस तर त्यांनी माझाही व्हिडिओ काढला असता. गप्प बसलीस ते बरं केलंस."

"मना तुला एक सांगायचा हाय. त्या दिवशीचा."

"दोनदा रडले ते?"

कल्पिताने पेला घाईने खाली ठेवला. चहा साडीवर सांडला. रुचिकानेच रुमाल काढून पुढे केला.

"तुला कोनी सांगितला?"

"कुणी नाही. व्हिडिओ सुरू होतो तेव्हा काजळ आधीच पसरलेलं आहे. रडणं नंतर येतं." ती शांतपणे सांगत होती, गणितातली पायरी सांगावी तशी. "आणि अख्खा व्हिडिओ आहे एका जुन्या पेजवर, तुझ्या आवाजासकट. सहावीत असताना मी तो खूप वेळा बघितला. लोक कशाला हसतात ते शोधत होते. मग काजळ दिसलं."

"मंग तू इतकी वर्सा बोलली का न्हाय?"

"काय बोलणार? तू मुद्दाम वाईट करायला केलं नसशील." थोडं थांबून ती म्हणाली, "मला आधी राग यायचा. आता नाही येत. आता नुसतं कोणी हात वर केला की धडधडतं. केस सारखे करायला केला तरी. वाटतं, हातात फोन आहे."

टपरीवाल्याने रेडिओचा आवाज वाढवला, मग कमी केला. कल्पिताने साडीवरचा चहा पुसला. पाय धरावेत असं काही राहिलंच नव्हतं. जे सांगायला ती निघाली होती ते मुलीने अकरा वर्षांची असताना एकटीने शोधून काढलं होतं आणि एकटीने ठेवून दिलं होतं, त्याच घरात, भिंतीपलीकडे.

"मम्मी, एक विचारू?" रुचिका आता पहिल्यांदा तिच्याकडे वळली. "मला राजा आठवत नाही. खरंच. मी खूप प्रयत्न केला. मला आठवतो तो व्हिडिओ आठवतो, म्हणजे मी मला समोरून आठवते. कोणाला स्वतःचं तोंड आठवतं का? पण पहिलं रडणं कुठे नाही. ते फक्त तू पाहिलंस. तेव्हा मी काय बोलले होते?"

कल्पिताने तोंड उघडलं. आणि तिला कळलं की आत काही नाही. तिने पुन्हा पाहिलं. नळ दिसला, फरशी दिसली, पीस दिसलं, पण ते सगळं एका चौकटीत, त्याच कोनातून, आणि त्याच्या आधी नुसता अंधार. तिच्या स्वतःच्या डोक्यातही फोननेच काढलेलं उरलं होतं. मग एक वाक्य आपोआप जिभेवर आलं, फार छान वाक्य. तू म्हनालीस, आता राजा भात कुनाच्या हातचा खाईल. ऐकून मुलीला बरं वाटलं असतं. आयुष्यभर जपून ठेवलं असतं तिने. मुलगी वाट बघत होती, तिचे डोळे पाच वर्षांचे दिसत होते, आणि कल्पिताला वाटलं, हे पुन्हा तेच आहे, पुन्हा मी हिच्या हातात पीस देतेय.

"आठवत न्हाय गो," ती म्हणाली.

रुचिकाने मान हलवली. "असू दे." मग गाडी आली.

वसतिगृहात सगळं भराभर झालं. वॉर्डन बाई बऱ्या होत्या. खोलीत दुसरी मुलगी आधीच आलेली होती, ती कुठल्याशा पालीकडच्या गावातली, आणि ती रुचिकाकडे बघून ओळखीचं हसली नाही, तिने नुसतं कोणती खाट हवी ते विचारलं. कल्पिताने गादीवर चादर घातली. निघताना तिने मुलीला जवळ घ्यावं म्हणून हात पुढे केले आणि मधेच थांबली. हात वर केला की धडधडतं. रुचिका स्वतःच पुढे आली आणि आईच्या खांद्याला खांदा लावून क्षणभर उभी राहिली, आणि आत गेली.

परतीच्या लाँचवर गर्दी नव्हती. ऊन उतरलं होतं. कल्पिता आडोशाला बसली आणि डोळे मिटून आठवायला लागली. व्हिडिओच्या मागे जायचं. पण तो सारखा आडवा येत होता, दार अडवून उभ्या राहणाऱ्या माणसासारखा. तिने बघणंच सोडून दिलं. बघून मिळणार नव्हतं. ती नुसती बसून राहिली, आणि मधेच कधीतरी तिच्या लक्षात आलं की आपले हात अंगापासून लांब धरलेले आहेत, कोपरात वाकवून, बोटं फाकून. हे असे का धरले मी? आणि मग ते आलं. हात वाटणाने माखले होते. ती पाट्याशी बसून मसाला वाटत होती, आणि धावत येऊन मुलगी तिच्या पोटात शिरली होती. तोंड गाउनमध्ये खुपसून. काही बोलली नव्हती. एक शब्दही नाही. पोटाला ओलं, गरम लागत होतं, आणि मुलीचं अंग आतून हलत होतं, आणि तिखटाचे हात तिला लागू नयेत म्हणून कल्पिताने ते असे वर धरले होते. किती वेळ? तिला ते सांगता आलं नसतं. पण पुढचं दिसलं, आणि या वेळी चौकटीशिवाय. ती उठली होती. मुलीला बाजूला करून नळाखाली हात धुतले होते, चांगले, साबण लावून. तिला घ्यायला धुतले होते असं कुणालाही वाटलं असतं. धुतलेले हात तिने गाउनला पुसले आणि ती आत गेली, फोन आणायला.

करंजाला उतरल्यावर ती बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या पलीकडे, जिथे कुणी नव्हतं तिथे गेली आणि फोन लावला. रुचिकाकडे साधा, बटणांचा फोन होता.

"पोचलीस?" रुचिका म्हणाली.

"व्हय. आयक. तू काय बोलली नव्हतीस."

तिने फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"पयल्यांदा. काय पन बोलली नव्हतीस तू. मी वाटान वाटत व्हते, तू आलीस न् माज्या पोटात तोंड घातलास. दिसतच नव्हता तुजा तोंड. बोलली ती नंतर, मी इचारला म्हनून. तो तुजा बोलना न्हाय. माजा हाय."

"मग तू काय केलंस?"

समोर खाडीत एक होडी ओढत किनाऱ्याला आणत होते. दोन माणसं, चिखलात गुडघ्यापर्यंत. कल्पिताने त्यांच्याकडे बघत सांगितलं, "हात धुतले. मना वाटला, तुला घ्यायला. पन मी फोन घेतला."

रुचिकाने फोन ठेवला नाही. तिच्यामागे वसतिगृहातली भांडी वाजत होती, कुणीतरी कुणाला जेवायला हाका मारत होतं. मग त्या आवाजांतून नाक ओढल्याचा एक बारीक आवाज आला, थोड्या वेळाने आणखी एक. ते रडणं होतं की नुसती सर्दी, हे इथून कळायला काही मार्ग नव्हता. कल्पिताने विचारलं नाही. फोन कानाला लावून ती तशीच उभी राहिली.